परतलेला सैनिक आणि घरातील ऊर्मिला

(कारगिल विजय दिनानिमित्त झालेल्या कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



चौदा वर्षांचा वनवास संपवून प्रभू रामचंद्र अयोध्येस परतले, त्या दिवसाचे वर्णन आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. भरतभेट, मातांचे अश्रू, नगरजनांचा जयघोष, राज्याभिषेक. परंतु त्या दिवशी रामचंद्रांच्या मागे आणखी एक पुरुष नगरात प्रवेश करीत होता आणि त्याचीही पत्नी चौदा वर्षे राजवाड्यात वाट पाहत होती. लक्ष्मण आणि ऊर्मिला यांची भेट कशी झाली? वाल्मीकी ते सांगत नाहीत. बालकांडातील विवाहप्रसंगानंतर ऊर्मिलेविषयी ते जवळजवळ मौनच पाळतात. या मौनाची खंत रवींद्रनाथांनी आपल्या एका निबंधात व्यक्त केली आणि मैथिलीशरण गुप्तांनी ‘साकेत’मध्ये ऊर्मिलेच्या विरहाला भरघोस न्याय दिला. तथापि, तोही प्रामुख्याने विरहाला. भेटीनंतरच्या दुसऱ्या दिवसाचे काय, तिसऱ्या महिन्याचे काय, हा प्रश्न उरतोच.

या प्रश्नाकडे पाहिले ते तेलुगू भाषक स्त्रियांनी. त्यांच्या मौखिक परंपरेत ‘ऊर्मिलेची निद्रा’ म्हणून एक कथागीत आहे. त्यात ऊर्मिला चौदा वर्षे निद्राधीन असते. लक्ष्मण परत येऊन तिच्या महालात जातो, तेव्हा ती त्याला ओळखत नाही. कोणी परपुरुष आत आला आहे असे समजून ती त्याला कठोर शब्दांत फटकारते, परस्त्रीची अभिलाषा धरणाऱ्यांची काय गत झाली याचे दाखले देते. मग तो आपली ओळख पटवून देतो. एवढ्या आनंदाच्या प्रसंगी गाणाऱ्या स्त्रियांना असा कटू क्षण का घालावासा वाटला असेल? ज्यांचे पती वर्षानुवर्षे दूर राहून परतले, अशा स्त्रियांनी स्वतःचा अनुभवच त्या गीतात ओतला असला पाहिजे. दूर गेलेला माणूस आणि परत आलेला माणूस हे तंतोतंत एकच नसतात. वाट पाहणारी आणि दार उघडणारी स्त्रीही एकच नसते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेल्या फौजा पावसाळ्यापूर्वी घरी यायच्या आणि चार महिने नांगर धरून पुन्हा स्वारीवर जायच्या, ही आपली शतकांची रीत. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातील ४६ जवान धारातीर्थी पडले. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती होणे हे पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक घरांत शेतीइतकेच वंशपरंपरागत आहे. सैनिकाला निरोप कसा द्यावा, हे या घरांना पूर्ण ठाऊक आहे. दुर्दैवाने वीरमरण आले तर ते दुःख कसे पेलावे, याचेही संस्कार आहेत. मात्र जो सुखरूप परत येतो, त्याच्यासोबत पुन्हा संसार कसा मांडावा, याविषयी कोणी बोलत नाही. सुखरूप आला ना, मग आता कसली अडचण, असेच सर्वांना वाटते.

कोरेगाव तालुक्यातील एका घरची हकीकत सांगण्याजोगी आहे. नावांची आवश्यकता नाही. गृहस्थ हवालदार. राष्ट्रीय रायफल्सच्या बटालियनबरोबर कुपवाडा जिल्ह्यात त्यांची अडीच वर्षे गेली. हा संपूर्ण ‘फील्ड’चा प्रदेश, तेथे कुटुंब नेता येत नाही. सैनिकाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी आणि तुकडीची निकड पाहून मिळते. घरी पत्नी, वृद्ध सासू, चौथीतली मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. अडीच एकर बागायत, त्यात आल्याचे पीक.

या अडीच वर्षांत त्या गृहिणीने काय केले? विकास सोसायटीचे पीककर्ज फेडले. ठिबक सिंचन बसवून घेतले. सासूबाईंचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेचे काम साताऱ्यास नेऊन उरकले. शेतीची वीज आठवड्यातील काही दिवस रात्री असते. त्या रात्री एक-दीड वाजता बॅटरी घेऊन, शेजारच्या पुतण्याला उठवून, ती विहिरीवर मोटार चालू करायला जात असे. पहिल्या वर्षी साप-विंचवाचे भय वाटे, दुसऱ्या वर्षी वाटेनासे झाले. फोनवर मात्र यातले फारसे काही सांगायचे नाही, असा तिने निर्धार केला होता. मुलाला ताप आला तर तो उतरल्यावर सांगायचे. पलीकडून तेही तसेच करीत. रात्रभर शोधमोहीम चालली असली तरी ‘‘इकडे थंडी फार आहे’’ एवढेच सांगत. दोघेही एकमेकांना जपण्यासाठी अर्धे सत्य बोलत होते. पूर्वी ५६ एपीओच्या पत्त्यावर आंतरदेशीय पत्रे जात, तेव्हाही हेच होत असे. आता रोज बोलता येते, त्यामुळे रोज लपवावे लागते, एवढाच काय तो फरक.

२०१७ सालच्या नवरात्राच्या थोडे आधी हवालदार दोन महिन्यांच्या रजेवर आले. रजा संपल्यावर त्यांना शांतता क्षेत्रातील ठाण्यावर हजर व्हायचे होते. जम्मूहून झेलम एक्सप्रेसने पुणे आणि पुढे एसटी. गावाने वेशीवर हार घातला. शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, भाषणे झाली. त्या वेळी त्यांच्या पत्नी आलेल्या मंडळींच्या चहापाण्याच्या व्यवस्थेत होत्या आणि त्यांनी ती भाषणे ऐकलीच नाहीत. हे तक्रार म्हणून नाही, केवळ नोंद म्हणून सांगावयाचे.

चार-पाच दिवसांनी पाहुण्यांची वर्दळ ओसरली. हवालदारांनी कर्तव्यबुद्धीने घराची सूत्रे हाती घेतली. पासबुक पाहिले, पिकाची चौकशी केली. आल्याचा सौदा पत्नीने एका व्यापाऱ्याशी ठरविलेला होता. त्या भागात आल्याचा भाव गाडीवर, म्हणजे पाचशे किलोवर, ठरतो. हवालदारांना भाव कमी वाटला. त्यांनी व्यापाऱ्याला बोलावून सौदा मोडला आणि दुसऱ्याला माल दिला. गाडीमागे चार पैसे अधिक मिळाले, हेही खरे. पण पहिल्या व्यापाऱ्याने जाताना ओट्यावर उभ्या असलेल्या त्या बाईंकडे ज्या नजरेने पाहिले, ती त्यांना विसरता येईना. ‘‘मालक आल्यावर बोलू म्हणाला असता तर बरं झालं असतं, वहिनी,’’ असे तो म्हणाला. दोन वर्षे ज्या बाईचा शब्द बाजारात चालत होता, तो त्या क्षणी चालेनासा झाला.

हवालदारांच्या बाजूनेही हे पाहिले पाहिजे. ते घरी आले आणि त्यांना दिसले की त्यांच्यावाचून काही अडलेले नाही. ज्या खुंटीवर त्यांचा सदरा असे, तेथे मुलांची दप्तरे होती. धाकटा मुलगा आईच्या कुशीत झोपायचा. त्याने पहिल्याच रात्री या नव्या माणसाविरुद्ध रडून घर डोक्यावर घेतले आणि सकाळी सर्वांसमोर निरागसपणे विचारले, ‘‘बाबा परत कधी जाणार?’’ सगळे हसले. ते हसले नाहीत. सौदा मोडण्यामागे अहंकार होता असे म्हणणे सोपे आहे. पण ज्या घरासाठी अडीच वर्षे बंदूक खांद्यावर वागवली, त्या घरात आपला उपयोग काय, हे शोधणारा तो माणूस होता.

रूबेन हिल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९४९ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यातील एक निरीक्षण मननीय आहे. पती दूर असताना ज्या कुटुंबांनी आपली फळी घट्ट बांधून घेतली, त्यांनी विरहाचा काळ उत्तम निभावला. मात्र त्याच कुटुंबांना पुनर्मीलन अधिक जड गेले, कारण त्या फळीत परतणाऱ्यासाठी जागाच उरली नव्हती. म्हणजे जी कर्तबगारी विरहात गुण ठरली, तीच भेटीनंतर अडसर झाली. यात दोष कोणाचाच नाही. परंतु हे ठाऊक नसले की दोघेही दोष एकमेकांत शोधू लागतात.

पॉलीन बॉस या विदुषीने अशा अवस्थांना ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाचे नाव दिले आहे. तिच्या मते हा वियोग दोन प्रकारचा. पहिल्यात माणूस शरीराने नसतो, पण मनातून जात नाही. आपल्या इतिहासात याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई. १७६१ च्या पानिपतानंतर भाऊ गेले हे त्यांनी कधी मानले नाही आणि १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. मधल्या काळात भाऊंचा तोतया उभा राहिला, १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. दुसऱ्या प्रकारात माणूस शरीराने समोर असतो, पण मनाने अद्याप आलेला नसतो. या दुसऱ्या प्रकाराला आपल्याकडे नावही नाही आणि सहानुभूतीही नाही.

कोरेगावच्या घरात हे रात्री दिसे. हवालदार दोन-अडीचला उठून ओट्यावर भिंतीला पाठ लावून बसत. घराभोवती एक फेरी मारीत. बॅटरी हातात असे, पण ती लावीत नसत, कारण ज्या प्रदेशातून ते आले होते, तेथे उजेड म्हणजे शत्रूला दिलेला पत्ता. रात्री विहिरीवर जायला त्यांनी पत्नीला मनाई केली आणि ते काम स्वतःकडे घेतले. तिला वाटले, आपल्यावर विश्वास नाही. वस्तुतः त्यांना अंधारात कोणा आपल्या माणसाने चालत जाणे सहनच होत नव्हते. हे त्यांनी सांगितले नाही, तिने विचारले नाही.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंगणाबाहेर कोणी पोराने सुतळी बॉम्ब लावला. दुसऱ्याच क्षणी हवालदार तुळशीवृंदावनाच्या आडोशाला पालथे पडले होते. पोरे हसली. त्यांच्या पत्नीने पोरांना ओरडून पिटाळले नाही. पूजेला बोलावणे आले आहे असे सांगून त्यांना शेजारी पाठविले, सासूबाईंना आत नेले आणि पतीजवळ काही न बोलता बसून राहिली. बऱ्याच वेळाने ते उठले, हातपाय धुतले आणि जेवले. त्या रात्री त्यांनी कुपवाड्यातील एका रात्रीविषयी चार वाक्ये सांगितली. अडीच वर्षांत प्रथमच.

रणभूमीवरून आलेल्या माणसाचे असे दचकणे, निद्रानाश, चिडचिड, गर्दी नकोशी होणे हे भित्रेपण नव्हे. पहिल्या महायुद्धात याला तोफगोळ्यांच्या धक्क्याचे नाव मिळाले आणि १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचा आपल्या अधिकृत वर्गीकरणात समावेश केला. प्रत्येक परतलेल्या सैनिकाला हा विकार जडतो असे मुळीच नाही. बहुतेकांना काही आठवड्यांत गावच्या रात्री पुन्हा ओळखीच्या होतात. एप्रिल १९८४ पासून आपले जवान ज्या सियाचीनवर उभे आहेत, तेथून खाली उतरणाऱ्यांनाही भूक आणि झोप पूर्ववत होण्यास वेळ लागतो. परंतु महिने लोटूनही स्वास्थ्य येत नसेल, मद्याचे प्रमाण वाढत असेल, हात उगारला जात असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द निघत असतील, तर ते झाकून ठेवणे हे पातिव्रत्य नव्हे. ही गोष्ट येथे बसलेल्या ज्येष्ठ भगिनींनी विशेष ध्यानी घ्यावी, कारण ‘‘घरातलं घरातच राहू दे’’ हा सल्ला बहुधा त्यांच्याकडूनच जातो. सैन्याच्या रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ आहेत. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणालाही वापरता येतो आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात या सेवेचा सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी खास कक्ष सुरू झाला.

छावणीत राहणाऱ्या पत्नींना निदान एकमेकींचा आधार असतो. ‘आवा’ ही त्यांची संस्था १९६६ पासून कार्यरत आहे. खेड्यातल्या जवानाच्या पत्नीला हा आधार कोठून? तिच्याभोवती माणसे पुष्कळ, पण तिच्यासारखे कोणी नाही. आपण एकत्र कुटुंबाचा अभिमान बाळगतो आणि तो रास्त आहे. त्या कुटुंबामुळेच तर ती अडीच वर्षे एकटी पडली नाही. पण रजेच्या साठ दिवसांत तोच माणूस प्रथम आईचा असतो, मग भावांचा, मामांचा, मित्रांचा, देवदर्शनाचा आणि तालुक्यातील कामांचा. पत्नीच्या वाट्याला तो येतो तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात. सासूबाईंनी चार दिवस नातवंडांना घेऊन लेकीकडे जावे, एवढी साधी गोष्टही आपल्याकडे सुचत नाही. सुचली तरी लाज आडवी येते.

कोरेगावच्या घराला आधार मिळाला तो गावातल्याच एका सेवानिवृत्त सुभेदारांच्या पत्नीचा. १९७१ च्या युद्धात लढलेले हे सुभेदार. दिवाळीनंतर त्या बाई सहज म्हणून आल्या, सूप घेऊन निवडायला बसल्या. ‘‘काकू, ह्यांचं काही तरी बिनसलंय,’’ एवढेच ही बोलली. काकूंनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, ‘‘आमचे हे लढाईवरून आले ते वर्षभर पडवीत निजले गं. मला वाटायचं, माझं काय चुकलं? दार लावलं की ह्यांना कोंडल्यासारखं व्हायचं, हे मला दहा वर्षांनी सांगितलं त्यांनी.’’ दहा वर्षे. ती संध्याकाळ होईपर्यंत दोघी बोलत बसल्या होत्या. इकडे सुभेदार रोज सकाळी हवालदारांना बरोबर घेऊन रानात फिरायला जाऊ लागले. काय बोलत, ते कोणी विचारले नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे, ते आता स्पष्ट बोलले पाहिजे. रक्षाबंधनाला सीमेवर राख्या पाठविणे, विजयदिनी सत्कार करणे ही कामे आपण निष्ठेने करतो आणि ती चालू राहावीत. पण सत्काराचा कार्यक्रम सैनिक घरी आल्याच्या आठवड्यात ठेवण्याचा आपला उत्साह आवरावा. महिन्याने ठेवला तरी राष्ट्रभक्ती कमी होत नाही. सत्कार करायचाच तर व्यासपीठावर एक नव्हे, दोन खुर्च्या असाव्यात. ‘‘किती मारले?’’ हा प्रश्न कोणीही, कधीही विचारू नये. पूर्व सैनिक सेवा परिषदेचे काम जेथे आहे, तेथील निवृत्त सैनिकांच्या पत्नींची ओळख तरुण पत्नींशी करून द्यावी. त्यासाठी सभागृह लागत नाही, हळदीकुंकू पुरते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा रस्ता बाईला स्वतःला माहीत असावा, दिरामार्फत नव्हे. आणि नवरा रजेवर आला की जी मंडळी तिच्याशी व्यवहार करणे थांबवून ‘‘साहेबांशीच बोलतो’’ म्हणतात, त्यांत आपल्यापैकी कोणी नसावे.

रजेचे शेवटचे आठ दिवस उरले होते. नव्या ठाण्यावर कुटुंबासाठी निवासस्थान मिळण्यास प्रतीक्षायादी होती, त्यामुळे निदान काही महिने तरी जुनीच व्यवस्था चालणार, हे दोघांनाही कळून चुकले होते. एका संध्याकाळी हवालदारांनी पत्नीची हिशेबाची वही मागितली. पासबुक त्यांनी पूर्वीच पाहिले होते, पण ही शंभर पानी वही त्यांनी उघडली नव्हती. तिच्यात खताच्या गोण्या, मजुरी, मोटारीच्या दुरुस्तीचे पैसे, सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधाचे दिवस अशी सर्व नोंद होती. ते बराच वेळ वाचीत बसले. मग त्यांनी विचारले, ‘‘त्या पहिल्या व्यापाऱ्याला पुढच्या आल्याचं विचारायचं का?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही नका विचारू. मी विचारीन.’’ ‘‘बरं,’’ ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, ‘‘ह्या आठवड्यात रात्रीची लाइट कुठल्या वारी?’’

‘‘आजच.’’

त्या रात्री दीड वाजता दोघेही विहिरीवर गेली. ती पुढे चालत होती, कारण पाऊलवाट तिच्या अधिक सरावाची होती. बॅटरी त्यांच्या हातात होती आणि ती चालू होती.